तेराव्या महिन्याची आई

१

चपला विहिरीच्या काठावर सापडल्या आणि गावानं म्हातारीला तिथल्या तिथे मारून टाकलं. मी पोचले तेव्हा चार माणसं दोराला गळ बांधून पाणी घुसळत होती. बाकीचं गाव लिंबाच्या सावलीत बसून दिवसकार्याला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवत होतं. आता बोला!

गाव नरखेड तालुक्यातलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते तिघे भाऊ आजही माझ्या दारात भांडायला येतील. साल ऐंशी, नवतपा सुरू झालेला. मे महिन्याच्या शेवटाचे हे दिवस म्हणजे आमच्याकडे कावळासुद्धा दुपारचा झाड सोडत नाही.

मी इंदुताई ढोके. नागपुरात आमचं हरवलेली माणसं शोधणारं स्वयंसेवकांचं पथक होतं. कोणी जत्रेत चुकलं, कोणी पुरात वाहून गेलं, की पोलिसांचा निरोप यायचा आणि मी जीप काढायची. लोक म्हणत, बाईचं तोंड खराब आहे. आहेच! मऊ बोलणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून पुरुषमाणसं उन्हात रांग धरून चालत नाहीत. शिवाय माझ्या घरी कोणी नाही, त्यामुळे तोंड वापरायला मिळतं ते बाहेरच.

त्या दिवशी निघतानाच उशीर झाला होता. ड्रायव्हर गणपतरावांना बर्फ घ्यायचा होता, म्हणून त्यांनी जीप स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटच्या फाटकाशी घातली. मे महिन्यात तिथं संत्रं कुठलं? आंब्याच्या पेट्या, हमालांची आरडाओरड, वाटेत आडवे लागलेले ट्रक. त्यात भिंतीला टेकून एक म्हातारी, पायांना फडकी बांधलेली, मांडीवर डबा. हॉर्न दिला तरी ती हलेना. "आजी, सरका वं जरा," मी ओरडले. ती इंचभर सरकली. बर्फ घेतला, गणपतरावांना दोन शब्द सुनावले आणि निघालो. हे सगळं इथं सांगते आहे कारण माझी चिडचिड तिथपासून सुरू झाली होती.

तर विहीर. हरवलेल्या बाईचं नाव भागीरथाबाई रेवतकर, वय सत्तरीच्या पुढे. फौजदार म्हणाले, "बाई, आता शोधायचं काय? बॉडी वर आली की पंचनामा, झालं."

"आधी मला सांगा, तिला शेवटचं कोणी पाहिलं?"

थोरला मुलगा चंपतराव पुढे आला. धिप्पाड माणूस, डोक्याला पंचा. "अवसेले माह्या घरी जेवली. सकाळी गाठोडं घेऊन रुपरावकडे गेली. अकरा दिस झाले."

मधला रुपराव म्हणाला, "माह्याकडे आलीच नाही."

धाकटा नत्थू म्हणाला, "माह्याकडे काहून येईन? मले काय माहीत?"

एका गल्लीत लागून तीन घरं. आणि अकरा दिवस आई कुठे आहे, हे एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं. काल संध्याकाळी बगीच्याच्या राखणदाराला चपला दिसल्या नसत्या तर अजूनही कोणाला पत्ता लागला नसता.

२

"गळ काढा बाहेर," मी म्हणाले.

"काहून?" चंपतरावाला राग आला.

"उन्हाळ्याच्या पाण्यात पडलेलं माणूस दोन-तीन दिवसांत आपण होऊन वर येतं. अकरा दिवसांपूर्वी गेली असती तर तुमच्यावर गळ टाकायची वेळच आली नसती. या विहिरीत ती नाही."

"दगड बांधून टाकली असन तं?" चंपतराव म्हणाला आणि सरळ रुपरावकडे बघायला लागला. "मायच्या नावचा संत्र्याचा तुकडा याले पाह्यजे होता. अंगठा मागून राह्यला होता हा दिवाळीपासून."

"अन् तू नव्हता मागत?" रुपराव अंगावर धावला. फौजदारांना मध्ये पडावं लागलं.

मी एकेकाला वेगळं घेतलं. हळूहळू कळलं ते असं. बाप वारल्याला दीड वर्ष झालं होतं. पंच बसले, वाटण्या झाल्या. शेत तीन ठिकाणी वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. आईसुद्धा वाटली. एक महिना एका घरी, अमावास्या झाली की सकाळी गाठोडं उचलून पुढच्या घरी. आमच्याकडे याला पाळी म्हणतात. चैत्र नत्थूचा, वैशाख चंपतरावाचा, ज्येष्ठ रुपरावचा, आषाढ पुन्हा नत्थूचा, असं फिरत राहायचं.

"बाई, मी पाप नाही केलं," चंपतराव म्हणाला. "वैशाख माहा होता. अवसेपर्यंत दोन्ही टाईम जेवू घातलं. वैशाख सरला, माही जिम्मेदारी सरली. विचारा कोणाले बी."

मी रुपरावकडे गेले. तो ओट्यावर बसून घाम पुसत होता.

"तुमची पाळी लागली होती. आई आली नाही, तरी तुम्ही चौकशी केली नाही?"

"माही पाळी ज्येष्ठाची हाय," तो म्हणाला. "ज्येष्ठ अजून लागलाच नाही, बाई. मी काहून चौकशी करू?"

फौजदार माझ्या कानाशी लागले. "दोघांतला एक खोटं बोलतोय. टाकू का आत?"

"नका टाकू," मी म्हणाले. "दोघंही खरं बोलताहेत, हीच तर रड आहे."

३

फौजदार पुण्याकडचे, बिनलग्नाचे, खानावळीत जेवणारे. त्यांना कळेना, म्हणून सांगितलं. वैशाख संपला, पण ज्येष्ठ लागला नाही, कारण मध्ये अधिक महिना आला होता. धोंड्याचा महिना. पंचांनी बारा महिने वाटले होते. तेरावा वाटायचा राहून गेला. बापाच्या माघारी हा पहिलाच अधिक. म्हणजे अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी म्हातारी गाठोडं घेऊन गल्लीत उभी राहिली तेव्हा तिन्ही दारं तिच्या पोरांचीच होती, आणि त्या महिन्यापुरती ती त्यांतल्या कोणाचीच नव्हती.

खरं सांगते, मला तिथं बसवेना. मी उठून चंपतरावाच्या घरात गेले. त्याची बायको जिजाबाई चुलीपाशी होती.

"चपला तिच्याच ना?"

"तिच्या कशाच्या? आमच्या पाळीत घेतलेल्या हायेत त्या," जिजाबाई म्हणाली. "आमच्या पैशाची वस्तू दुसऱ्याच्या पाळीत काहून झिजवायची? लुगडं, चपला, सारं इथंच ठेवून जाते ते. या खेपेला घालून गेली. इसरली असन."

"आणि ती विहीर कोणाच्या वाट्याची?"

"आमच्याच. आमचं वावर तिथं सरते. पलीकडं सडक."

मी पुन्हा विहिरीवर गेले. चपला कोणी हलवल्या नव्हत्या, एवढं नशीब. जोडीनं ठेवलेल्या, धूळ झटकलेली, अंगठे विहिरीकडे नाहीत, घराकडे. जीव द्यायला निघालेली बाई चपलांची धूळ कशाला झटकेल? चंपतरावाच्या हद्दीच्या शेवटच्या टोकाला तिनं त्याची वस्तू त्याला परत केली होती आणि सडकेला लागली होती. अनवाणी! नवतप्यात, डांबराच्या सडकेवर, सत्तरीतली बाई.

म्हणजे ती जिवंत होती. पण किती वेळ राहणार? आणि गेली कुठे?

रुपरावची बायको माहेरी होती, घराला बाहेरून कडी. राहिली नत्थूची देवकी. पंचविशीतली, किडकिडीत, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. नत्थू या दिवसांत बगीच्यातच जेवायचा-झोपायचा. वीज रात्रीची यायची, मोटर तेव्हाच चालायची. ही घरात एकटी.

"सासूबाई इकडे आल्या नाहीत," माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ती म्हणाली.

मी पाणी मागितलं. तिनं बसायला पाट दिला. पाटाच्या फटीत पांढरे बारीक दाणे अडकले होते. नखानं काढून जिभेवर ठेवले. खसखस. अनारशाची.

"अनारसे केले वाटतं? धोंड्याचे?"

"हौ... थोडेसे."

"अगं, पण धोंड्याचे अनारसे जावयाला देतात. तुला लेकरू नाही. जिजाबाईच्या पोरी फ्रॉक घालून अंगणात खेळताहेत. रुपरावला दोन्ही मुलगेच. मग जावई कोण?"

देवकीच्या हातातला गडवा कलंडला. पाणी माझ्या पायांवर सांडलं.

"आणि अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, पीठ मुरावं लागतं. म्हणजे अवसेनंतर कोणीतरी बरेच दिवस या घरात मुक्कामाला होतं. कोण होतं, देवकी?"

ती रडायलाच लागली. "चार लेकरांची माय, बाई, अन् एक बी दार उघडं..." आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

"चार?" मी म्हणाले. "पोरं तर तीन आहेत."

४

चंपतराव दारातच उभा होता. कधी आला ते कळलं नाही.

"आम्हाले बहीण नाही," तो म्हणाला. मी बहीण हा शब्द उच्चारलासुद्धा नव्हता.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. देवकीनं पदर पुढे ओढला, तोंड माझ्याकडेच ठेवलं, पण आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला. "हाय! वच्छलाबाई हाय. पंधरा वरसं झाली, यायनं तिच्या नावानं आंघोळ केली. सासूबाई रोज तिच्या नावाचा घास काढते, अन् हे म्हणते बहीण नाही!"

वच्छला संत्रं वाहून नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. केशव त्याचं नाव. दुसऱ्या जातीचा. भावांनी तिला मेली म्हणून जाहीर केलं आणि घरात तिचं नाव बंद झालं. बापापुढे म्हातारीचं काही चाललं नाही. नंतर पोरांच्या पाळ्यांत तर श्वास घ्यायलाही परवानगी लागत होती.

अवसेच्या दुसऱ्या सकाळी देवकीला ती गोठ्याशी बसलेली दिसली. देवकीनं तिला आत घेतलं, नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं रुपरावकडे पाठवलं असतं, रुपरावनं चंपतरावाकडे.

"पह्यल्या दिवशी लई रडली," देवकी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी म्हणते, पोरी, मी या महिन्यात कोणाची बी नाही नं? मंग मले कोन अडवते? जावयाले आजवर एक अनारसा नाही देल्ला. तांदूळ भिजव. मी तिकिटाचे पैसे देल्ले. उद्या वापस येतो म्हणे, कोणाले सांगू नोको. सकाळच्या पॅसेंजरनं गेली. आज तिसरा दिस हाय, बाई. चपला सापडल्या तं मले वाटलं, ते मेलीच!"

"नागपूरला? पत्ता?"

"पत्ता कुठला? केशवचा ट्रक संत्रा मार्केटच्या फाटकाशी लागते, एवढंच तिले ठाव. सासऱ्यासंगं एक खेप पाह्यलं होतं म्हणे."

मी पाटावरून उठले.

अनवाणी बाई. तळपाय भाजले की ती काय करील? फडकी बांधील. मांडीवर डबा, आणि डब्यात जावयाचे अनारसे. ज्या बाईसाठी मी पहाटे उठून, जीप घेऊन, गाव धुंडाळायला आले होते, तिला मी सकाळीच सरक म्हणून ओरडले होते.

५

परतीच्या जीपमध्ये देवकी माझ्याशेजारी बसली. चंपतराव मागे, पंच्यात काहीतरी गुंडाळून मांडीवर धरलेलं. काटोल गेलं, कळमेश्वर गेलं, जीप खड्ड्यात आदळली तरी मी ओरडले नाही. गणपतरावांनी दोनदा वळून पाहिलं, बाई आजारी तर नाही!

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकाच्या भिंतीशी कोणी नव्हतं. एक मळकं फडकं तेवढं पडलेलं.

"बुढीले पाहून राहिले का?" एक हमाल म्हणाला. "ऊन आलं म्हणून तिकडं पेट्यांमागं बसवली. तीन दिस झाले बाई, येईन त्या ट्रकवाल्याले इचारते, केशव डायवर पाह्यला का? चाय-पाव देतो तं घेते. पर डब्याले हात लावू देत नाही."

ती पेट्यांच्या सावलीत होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, डबा तसाच. मी बर्फाचं पाणी थेंबथेंब पाजलं. देवकीनं तिचे पाय मांडीवर घेतले. त्या पायांचं वर्णन मी करत नाही.

चंपतराव समोर उकिडवा बसला. "माय, घरी चाल."

भागीरथाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरोखर विचारावं तसं तिनं विचारलं, "कोणाच्या?"

चंपतराव डबा उचलायला गेला, तिनं तो आपल्याकडे ओढला.

"कोणाचा महिना लागला, चंपत?"

एवढा धिप्पाड माणूस, पंच्यात डोकं घालून रडायला लागला. हमाल इकडेतिकडे बघायला लागले.

केशवचा ट्रक इटारसीला गेला होता, पण निरोप त्याच्यापर्यंत पोचला होता, असं हमालानं सांगितलं. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं ढाब्यावर ठेवला. वाटेत वच्छलाला घरून घेऊन ट्रक आज यायचा होता. मी आयुष्यभर माणसं पांगवून शोध घेतला. या बाईनं एका जागी बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोप देऊन पंधरा वर्षांपूर्वी हरवलेली लेक शोधली होती. मी तिच्याजवळ बसले. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

"तुह्या घरी कोन हाय वं?" तिनं मला विचारलं.

"कोणी नाही."

"मंग तू हरपली तं तुले कोन शोधन?"

मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येतं, सगळं नागपूर सांगेल. मी बर्फाच्या पाण्याचं भांडं पुन्हा तिच्या ओठांशी धरलं.

दिवेलागणीला ट्रक आला. केबिनमधून एक बाई उतरली, केस पिकायला लागलेली. चार पावलं चालली आणि थांबली, पुढे यावं की नाही कळत नसल्यासारखी. केशवच पुढे आला. तो म्हातारीच्या पायांना हात लावायला वाकला, त्यानं ते पाय पाहिले आणि हात मागे घेऊन जमिनीला डोकं टेकलं. मग वच्छला धावली. दोघी रडल्या ते सांगत नाही, तुम्हाला आया आहेत.

म्हातारीनं डबा उघडला. अर्धे अनारसे मोडले होते. "जावईबापू, धोंड्याचं वाण हाय. उशीर झाला." त्यानं मोडकाच तुकडा उचलून तोंडात टाकला.

"घरी चाल, माय," वच्छला म्हणाली.

"नाही वं. लेकीच्या घरचं पाणी पीत नाही मी. देनं होतं ते देल्लं, आता जातो वापस." पण कुठं वापस, ते तिला सांगता येईना.

केशव हळूच म्हणाला, "माय, हा महिना कोणाच्याच मोजणीत नाही नं?"

"नाही."

"मंग यात पेलेलं पाणी कोन मोजते?"

म्हातारी हसली, बोळकं उघडून, लहान पोरीसारखी. "हुशार हाय गा तू," ती म्हणाली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

ती ट्रककडे निघाली तेव्हा चंपतरावानं पंचा सोडला. त्यात चपला होत्या. त्यानं त्या तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"त्या तुह्या पाळीच्या हायेत," ती म्हणाली.

"राहू दे, माय. घाल."

फडक्यांवरूनच तिनं त्या पायात सरकवल्या.

जाताना तिनं एक अख्खा अनारसा निवडून माझ्या हातावर ठेवला. मी घरी आले, माझं कुलूप मीच उघडलं, आणि दिवा न लावता तो खाल्ला.

पुढे दोन वर्षांनी पुन्हा अधिक आला, अश्विनाचा. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. गल्लीत ट्रकचा हॉर्न वाजला, मी हलले नाही. दुसऱ्यांदा वाजला. मान वर केली तर केबिनमधून एक म्हातारी गाठोडं घेऊन उतरत होती, पायात त्याच चपला.

"सरक वं जरा," भागीरथाबाई म्हणाली. "हा महिना माहा हाय. तो मी इथं काढतो."